पाठ चेपणारी खुर्ची

इचलकरंजीला पुन्हा शून्य मिळालं. सलग तिसऱ्या सहामाहीला.

पुण्यातल्या राष्ट्रीय घरमान केंद्रात तेजस्विनी बुगड आपल्या टेबलाशी बसून पडद्यावरचा देशाचा नकाशा बघत होती. जिथली घरं महागाईच्या मागं पडली होती तिथं मजुरीवाढीचा आकडा उमटला होता. जिथल्या घरांचं बरं चाललं होतं तिथं शून्य. कुणी मोर्चा काढायचा नाही, कुणी मंत्र्याच्या दारात ताटकळायचं नाही. घरमान ठरलं की मजुरी ठरली, आणि ती मालकाला द्यावीच लागायची, तसा कायदाच होता. या व्यवस्थेचा तेजस्विनीला मोठा अभिमान होता. निम्मी व्यवस्था तिच्याच डोक्यातून निघाली होती.

अडचण एवढीच होती की इचलकरंजी तिचं माहेर होतं आणि तिचा भाऊ संजीव तिथं यंत्रमागावर कामाला होता. फोन वाजला तेव्हा तो कुणाचा हे तिला न बघताच कळलं.

"तेजू, परत शून्य?" मागांच्या खडखडाटावरून ओरडत तो म्हणाला. "तेल बघ, गॅस बघ, पोरीची फी बघ. सगळं वर चाललंय. आन् आमची मजुरी दीड वर्षं हाय तिथंच. तुमचं ते मशीन झोपलंय काय?"

"मशीन झोपत नाही, दादा. तुमच्या घरांचं उत्पन्न वाढलंय असं ते सांगतंय."

"कुठं वाढलंय? मला जरा दाखव तरी!"

बघते म्हणून तिनं फोन ठेवला.

ते मशीन म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं. पूर्वी सरकारी माणसं दारोदार जाऊन घरात किती येतं, किती जातं असं विचारत. लोक कशाला खरं सांगतील? सरकारी माणूस दारात आला की घर एकदम गरीब व्हायचं, आणि मुलीला बघायला पाहुणे आले की त्याच घरात श्रीमंती उतू जायची. दोन्ही वेळेला कपबश्या त्याच असायच्या. नोकरीच्या सुरुवातीला तेजस्विनीनं ही दारं झिजवली होती आणि त्या खोटेपणाला ती विटली होती. तिनं म्हटलं, विचारायचंच कशाला? ऐकू या.

घरातलं प्रत्येक यंत्र वीज पितं, आणि प्रत्येकाची पिण्याची तऱ्हा वेगळी असते. फ्रिज सुरू होताना एक मोठा घोट घेतो आणि मग सावकाश पीत राहतो. इस्त्री गटागटा पिते, थांबते, पुन्हा पिते. मिक्सर नुसता हपापलेला. नवे मीटर विजेचा हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजत. आपल्या घरात कोणती यंत्रं आहेत हे काही लाख कुटुंबांनी आपखुशीनं सांगितलं होतं. त्यांच्यावरून संगणकाला शिकवलं, आणि मग तो देशातल्या उरलेल्या घरांचे मीटर ऐकून सांगायला लागला की इथं गिझर आला, इथं एसी विकला गेला, इथं तिन्हीसांजेला एकच दिवा जळतो. कुठली यंत्रं किती वेळ चालतात यावरून घरात महिन्याला किती येत असेल याचा अंदाज निघायचा. त्या अंदाजाचं नाव घरमान. मोटरवर चालणाऱ्या यंत्रांचा भाग तेजस्विनीनं स्वतः बसवला होता.

भावाच्या फोननंतर तिनं इचलकरंजी उघडली, मग आपला वॉर्ड, मग आपली गल्ली. नावं झाकलेली असायची, पण गल्लीतल्या मीटरांची रांग पाठ असलेल्या माणसापासून घर काय झाकणार? असं बघणं नियमात बसत नव्हतं. तिनं बघितलं.

पंखे, टीव्ही, फ्रिज, एक जुनाट मिक्सर. सगळं ओळखीचं. आणि त्याखाली आराम या सदरात एक नवी नोंद होती: पाठ चेपणारी खुर्ची, वापर रोज सात-आठ तास.

तेजस्विनीला एकदम भरूनच आलं. पुण्यात अशा खुर्च्या आता घरोघरी झाल्या होत्या. आत गोळे फिरायचे आणि बसणाऱ्याची पाठ दाबून निघायची. आईची पाठ गेली कित्येक वर्षं धरत होती. आणि दादानं, त्या रागीट, कुरकुऱ्या दादानं, कुणाला न सांगता आईला खुर्ची घेतली होती!

तिनं उलट फोन लावला. "काय रे, आईला एवढी खुर्ची घेतलीस आणि मला पत्ता नाही?"

"कसली खुर्ची?"

"पाठ चेपायची. रोज चालू असते की."

"कुणी सांगितलं तुला?"

"मीटरनं."

पलीकडं नुसते माग खडखडत राहिले. मग संजीव म्हणाला, "व्हय. घेतलीया. हप्त्यानं."

"आणि गल्लीत सगळ्यांनीच घेतल्यात?" तिनं एव्हाना शेजारची घरंही बघितली होती. अख्ख्या गल्लीत क्वचितच एखादं घर खुर्चीवाचून राहिलं होतं.

"घेतल्या असतील. मला काय म्हाईत?"

आता मात्र तिचा आनंद ओसरला आणि राग आला. "दादा, घरोघरी खुर्च्या घ्यायला पैसे आहेत, आणि वर मजुरी वाढत नाही म्हणून मलाच बोलतोस?"

संजीवनं फोन ठेवला.

राग चार दिवस टिकला. मग तिनं त्या खुर्चीत मानेखाली घ्यायची एक मऊ उशी विकत घेतली आणि सुट्टीच्या दिवशी न कळवता इचलकरंजीची गाडी पकडली.

गल्लीत शिरली तेव्हा भरदुपार होती. दारं सगळी लोटलेली आणि आत रेडिओ, टीव्ही मोठ्यानं लावलेले. लग्नसराईतसुद्धा एवढा आवाज नसायचा. त्या आवाजाच्या खाली काहीतरी घुमत होतं. तिनं कडी वाजवली. सुप्रियावहिनीनं दार बोटभर उघडलं, तिला बघितलं आणि दार धरूनच उभी राहिली.

"ताई, फोन तरी करायचा की हो."

"आईची खुर्ची बघायला आले," तेजस्विनी हसून म्हणाली आणि आत शिरली.

वडिलांची कॉट असायची त्या जागी एक लांबट लोखंडी सांगाडा उभा होता. त्यावर ओळीनं फिरणाऱ्या चात्या, म्हणजे सूत गुंडाळणारे दांडे, खाली पट्टा आणि लहानशी मोटर. समोरच्या बुटक्या स्टुलावर आई बसली होती, पाठीत वाकून, नाकावर चष्मा, बोटांत सुताचं टोक. ते कांडी मशीन होतं. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात आडवं सूत गुंडाळलेली जी नळी बसते ती कांडी. तेजस्विनीच्या लहानपणी कांड्या कारखान्यातच भरत, त्याला वेगळी माणसं असत.

"आलीस?" आई मान वर न करता म्हणाली. "बस. येवढी भरली की उठते."

कांडी भरत आली तसा मोटरचा आवाज जड झाला. आईनं भरलेली काढली, रिकामी अडकवली, आणि आवाज हलका झाला. पुन्हा जड, पुन्हा हलका. तेजस्विनीच्या हातात मानेची उशी होती आणि ती तशीच उभी राहिली. खुर्चीतला गोळा पाठीवर दाबतो तेव्हा त्याची मोटर अशीच जड होते आणि उचलला की हलकी. ज्या काही लाख घरांनी संगणकाला शिकवलं ती सगळी मोठ्या शहरांतली होती. तिथं एवढी लहान मोटर तासन् तास चालली तर ती आरामासाठीच चालते. तिथल्या एकाही घरात कांडी मशीन नव्हतं. आणि इचलकरंजीची पोर असून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

वहिनीनं हळूहळू सगळं सांगितलं. मालकांनी कांडीवाल्यांना कमी केलं आणि मशिनं घरोघर दिली. भरलेल्या कांड्यांच्या वजनावर पैसे. मशीन चालतं घरगुती मीटरवर. कमाईच्या कामाला व्यापारी दरानं वीज घ्यायला हवी, पण तो दर लावला तर हातात काय राहणार? म्हणून दारं लोटायची आणि रेडिओ मोठा करायचा. "ह्यांची मजुरी वाढंना, मग आम्ही दोघी बसायला लागलो," वहिनी म्हणाली. "आधी मी एकटीच बसायची. मग शून्य आलं. मग आईबी बसल्या. परत शून्य आलं, तवापासनं रात्री जेवणं झाल्यावरबी बसतो."

म्हणजे मजुरी अडली की मोटर जास्त चालायची, मोटर जास्त चालली की खुर्चीचा आराम वाढायचा, आणि आराम वाढला की मजुरी अडायची. तेजस्विनीनं हे आईला समजावून सांगितलं.

"थांब, थांब," आई म्हणाली. "मी हितं खुर्चीत पडून पाठ चेपून घ्यालोय, असं सरकारला वाटतंय?" आणि ती हसायला लागली. हसता हसता कंबरेत चमक भरली तशी कंबर धरून हसली. वहिनीही हसली. तेजस्विनीला मात्र रडावं की काय करावं ते कळेना.

संजीव पाळी संपवून आला तेव्हा बहीण घरात बघून त्याचा चेहरा पडला.

"खोटं का बोललास?" तिनं पहिलाच प्रश्न टाकला.

"तू इचारलंस तवा तुझा आवाज किती खूश हुता." तो दारातच चप्पल काढत खाली बघून बोलला. "काय सांगू तुला? सत्तरीला टेकलेल्या आईला कामाला बसवलंय म्हणून? तू तिथं अधिकारी. पाहुण्यारावळ्यांत सांगतीस आमची आई आरामात असती म्हणून."

ती कामाचं बोलायला लागली. उपाय सोपा होता. एका घरानं आपलं मशीन खरं नाव सांगून नोंदवायचं आणि त्याचा आवाज संगणकाला शिकवायचा. मग तो सगळ्या गावाचे मीटर नव्यानं ऐकेल आणि खुर्च्या गळून पडतील. पण ते आत्ताच करायला हवं होतं. या सहामाहीअखेर ठरणारं मान पाया म्हणून धरलं जाणार होतं आणि मग पाच वर्षं मजुरी त्यावरूनच ठरणार होती, त्याला कुणी हात लावू शकणार नव्हतं.

"आन् मशीन नोंदलं की व्यापारी दर लागंल," संजीव म्हणाला.

"लागेल. मागची थकबाकीपण काढतील."

"वीज कंपनीला कोण सांगणार?"

"आपोआप जातं तिकडं."

"आपोआप कुणी केलं?"

तेजस्विनीनंच केलं होतं, आणि त्यासाठी दिल्लीत तिचा सत्कारही झाला होता.

"मग ऱ्हाऊ दे खुर्च्या," संजीव उखडला. "ह्या गल्लीनं तुला कडेवर घेऊन फिरवलं. तुझी परीक्षा असली की समोरचा कारखाना खिडक्या लावून घ्यायचा. आन् तू आता घरोघरी बिलं लावणार व्हय?"

"पाच वर्षं, दादा! पाच वर्षं एक पैसा वाढणार नाही. आई पाच वर्षं त्या स्टुलावर बसणार आहे का?"

आईनं मोटरचं बटण बंद केलं. घरात एकदम शांत झालं आणि शेजारच्या मोटरी ऐकू यायला लागल्या.

"मीटर माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "माझंच मशीन सांग. पर आधी गल्लीला इचारू या. लपूनछपून करायचं न्हाई."

संध्याकाळी बायका जमल्या. कुणी तेजस्विनीच्या सात पिढ्या काढल्या, कुणी रडल्या. शेवटी समोरच्या अक्काताई उठल्या. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले. बोटं सरळ होत नव्हती. "मजुरी वाढली तर ह्यो धंदा सुटंल," त्या म्हणाल्या. "बिल भरू काईतरी करून. सांग जा पोरी, खरं काय ते."

तेजस्विनीनं आईच्या मशीनला नाव दिलं. आधी जड, मग हलका असा तो आवाज तासभर नोंदवला. आई त्या तासात जरा ताठच बसली होती, फोटो काढतात तशी. निघताना तेजस्विनीनं मानेची उशी स्टुलावर ठेवली, आणि गाडीत बसल्यावर तिला गेल्या कित्येक दिवसांत प्रथमच बरं वाटलं.

निकाल आला त्या सकाळी ती केंद्रात सगळ्यांच्या आधी पोचली होती. इचलकरंजीतल्या खुर्च्या खरंच गळून पडल्या होत्या. तिच्या शिकवण्यात कुठंही चूक नव्हती. संगणकानं एकेका घरातलं कांडी मशीन अचूक ओळखलं होतं, आणि आराम हे सदर कोरं होतं. त्या जागी दुसरं सदर उघडलं होतं. घरगुती उद्योग. कमावती माणसं: एकाऐवजी तीन. घरात येणारं एकूण उत्पन्न: वाढलं.

आणि टोकाला तेच शून्य. यंदा तर घरमान आधीपेक्षाही वर गेलं होतं.

ती तडक संचालक सबनीसांच्या खोलीत गेली. सबनीस स्वभावानं वाईट नव्हते आणि आज तर ते खुशीत होते.

"तुमचं गाव कमाल आहे हो," ते म्हणाले. "घरगुती उद्योगात राज्यात सगळ्यात पुढं. मी अहवालात चौकट करून टाकतोय."

"सर, ते उद्योग नाहीत. मजुरी पुरत नाही म्हणून म्हाताऱ्या बायका कांड्या भरतात."

"पण पैसे मिळतात ना त्यांना?"

"मिळतात."

"मग ते उत्पन्नच झालं. देशभर हेच चित्र आहे. मजुरी जागच्या जागी, पण कुटुंबाचं उत्पन्न दरवर्षी वर. ही चांगली बातमी आहे, तेजस्विनी."

"सर, कुटुंबाचं उत्पन्न वर जातंय कारण आधी एक माणूस राबायचा आणि आता तीन राबतात! तासाला काय पडतं ते बघू या. आपल्याकडं प्रत्येक मोटरचे तास आहेत. मीटरमध्ये सगळं आहे."

"मीटरमध्ये आहे. घरमानाच्या व्याख्येत नाही." त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "व्याख्या कुणी लिहिली होती, आठवतंय?"

आठवत होतं. एका घरात महिन्याला येणारं एकूण उत्पन्न. लहान, स्वच्छ वाक्य. ते लिहिताना तिला वाटलं होतं, यात खोटं बोलायला जागाच नाही. आणि खरोखरच संगणक या खेपेला अक्षरभरही खोटं बोलला नव्हता. खुर्ची ही ऐकण्यातली चूक होती, ती दुरुस्त करता आली. ही चूकच नव्हती, तर दुरुस्त काय करणार? ती भांडली, आवाज चढवून भांडली. तिनं लेखी हरकत घेतली. सबनीसांनी ती सभ्यपणे ठेवून घेतली आणि पाच वर्षांनी व्याख्येचा फेरविचार होईल तेव्हा पुढं मांडू म्हणाले.

ती इचलकरंजीला गेली तेव्हा या वेळी हातात काही नव्हतं. गल्लीतली दारं सताड उघडी होती. रेडिओ बंद होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं घराघरातल्या मोटरी उघड्यावर घुमत होत्या. आधीपेक्षा जास्त, कारण व्यापारी दराचं बिल भरायचं होतं. अक्काताई दारातच मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी तेजस्विनीकडं बघितलं आणि पुन्हा सुतात मान घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संजीव पायरीवर बसला होता. त्यानं तिला आत जायला वाट दिली.

आई स्टुलावर होती. मानेची उशी तिनं पाठीशी घेतली होती, आणि ती आता चपटी झाली होती.

"कळलं सगळं," आई म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नगंस. मला एवढंच सांग, आता मशीन बंद केलं तर काय हुईल?"

"तर आपलं घर गरीब ठरेल. मजुरी वाढवायला हवी असं संगणक म्हणेल. पण पाच वर्षांनी."

"आन् चालू ठेवलं तर?"

"तर आपलं चांगलं चाललंय."

"म्हंजे आपलं चांगलं चालंस्तवर माझी पाठ मोडणार," आई म्हणाली आणि या वेळी हसली नाही. "मग तू कशाला आलीस? भांडायचं सोडून?"

"भांडतेय, आई. अजून भांडतेय. कुणी ऐकत नाही." आणि एवढ्या दिवसांत न आलेलं रडं तिला तिथं, त्या सुताच्या धुरळ्यात आलं. देशभरातल्या घरांचं ऐकणारं यंत्र तिनं बनवलं होतं, आणि सख्ख्या आईचं दुखणं कुठं सांगायची सोय तिनं ठेवली नव्हती.

तिनं वाकून मोटरचं बटण बंद केलं.

"अगं, निम्मी कांडी ऱ्हायलीया!"

"राहू दे. पालथी झोप."

आई कुरकुरत चटईवर पालथी झाली. वहिनीनं तेल कोमट करून दिलं. तेजस्विनीनं हातावर घेतलं आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत वरून खाली आणायला लागली. पाठ लाकडासारखी झाली होती. बऱ्याच वेळानं ती जराशी सैल पडली आणि आईनं डोळे मिटले.

"थोडं खाली," आई म्हणाली. "हां. तिथंच."

दारावरचा मीटर आपलं काम करत होता. या घरात या घटकेला काहीच चालू नाही, अशी त्यानं नोंद केली.